लाल शिंगांचं पोतं

३ ऑगस्ट

आयझिरेकनं ही वही दिली त्याला आज एकोणीस दिवस झाले. रोज लिहायचं म्हणून उशाशी घेऊन झोपतो आणि रोज काहीतरी निघतंच. एकदा शेजाऱ्यांची घोडी सुटली, तिच्यामागे गेलो तो थेट वरच्या कुरणापर्यंत, आणि तिथे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमीस पीत बसलो. एकदा पेन सापडेना. खरं म्हणजे सापडलं होतं, पण त्यानं पाठ खाजवत बसलो.

आयझिरेक आमच्या काश्का-बेलचं संस्कृती भवन सांभाळते, म्हणजे किल्लीही तिच्याकडे आणि झाडूही तिच्याकडेच. आज विचारलंन, "उलार, लिहिलंस का काही?"

"मनात लिहिलंय."

"मग मन उघड, पानं मोजते."

तिला हवीत म्हाताऱ्या सायराकान आपाच्या नमद्याच्या कामाची टिपणं. कसा कापते, कसा शिवते, सगळं. आपा स्वतः काही लिहीत नाही आणि दुसऱ्या कुणाला हा शिरदाक तिच्यासारखा जमत नाही. शिरदाक म्हणजे आमचा लोकर तुडवून केलेला नक्षीचा नमदा, जमिनीवर अंथरायचा. ती टिपणं मी वेगळ्या कागदावर देईन. वही माझी.

तर मी आलो होतो चार दिवसांसाठी. काका वारले, त्यांचं घर रिकामं, म्हटलं बघून येऊ. दहाव्या वर्षी आईबरोबर हे गाव सोडलं, नववीत शाळा सोडली, मग ओशच्या बाजारात पोती उचलली, अल्माटीला गाड्या धुतल्या, मॉस्कोत दोन वर्षं घराघरांत लिनोलियम बसवलं. एवढं फिरून इथे येऊन आता बायकांबरोबर नमदा कापतोय. पुरुष माणसं हे काम करत नाहीत. पण आपानं एकदा मला काकांच्या दारात छपराचा डांबरी पुठ्ठा कापताना बघितलं, म्हणजे ऐकलं, आणि म्हणाली, "सुरी एकदाही अडखळली नाही. उद्यापासून ये."

४ ऑगस्ट

काल अर्धंच राहिलं. मुद्दा असा की ३१ तारखेला आपल्या किर्गिझस्तानचा स्वातंत्र्यदिन. पूर्वी आम्ही आणि खिंडीपलीकडचं तोरू-सू, दोघं मिळून करायचो, एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. गाणी, कोमुझ वाजवणारी शाळेची मुलं, तंबू उभारायच्या शर्यती. यजमान गाव शिरदाकाची जोडी करायचं. एक आपल्या मंचामागे टांगायचा, दुसरा पाहुण्यांनी घेऊन जायचा. मग तीन वर्षांपूर्वी आमच्या लोकांनी खिंडीखालच्या ओढ्यातून कालवा खणला आणि तोरू-सूचं पाणी आटलं. तेव्हापासून तिकडचं कुणी आलं नाही की इकडचं गेलं नाही. सोयरिकी मोडल्या. ह्या वसंतात आमचे गावप्रमुख जोलदोश आके स्वतः घोड्यावर बसून गेले, अर्धं पाणी सोडलं, सणाचं आमंत्रण दिलं. तिकडचे म्हणाले, "बघू."

म्हणून ह्या वेळची जोडी चांगली व्हायला हवी. आपाचं माहेर तोरू-सूचं. ती म्हणाली, "माझ्या हातची ही शेवटची जोडी. पुढे होणार नाही." का होणार नाही? चांगली धडधाकट आहे. म्हाताऱ्या माणसांना असं बोलायला आवडतं.

६ ऑगस्ट

कापलं! जूनमध्ये बायकांनी तुडवून केलेले दोन नमदे, एक लाल, एक गडद निळा. एकावर एक ठेवायचे, वर साबणाच्या वडीनं नक्षी काढायची, मेंढ्याची शिंगं, चोवीस. आणि दोन्ही थर एकदम कापायचे. आपाची शिकवायची पद्धत अजब आहे. वडी माझ्या हातात, माझं मनगट तिच्या हातात, आणि म्हणते, "रेघ कुठे चाललीय ते मला बोलून दाखव." मी बोलत राहिलो, आता वळली, आता काठाशी आली. असं बोलल्यानं लक्षात राहतं म्हणे.

मग लाल नमद्यातल्या भोकांत निळी शिंगं बसवली. अशी चपखल बसली की मला ओरडावंसं वाटलं. मॉस्कोत तीनशे खोल्या केल्या असतील, कधी असं वाटलं नाही.

९ ऑगस्ट

आज फार वाईट वाटलं. आपानं चहा दिला तो काठोकाठ भरून. बशीत सांडेपर्यंत. आमच्यात पेला अर्धा भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो, माणूस बसतो. काठोकाठ भरला की समजायचं, प्या आणि निघा. मी घटाघट प्यायलो, भाजलं तरी, आणि निघालो. ती मागून म्हणते, "अरे, कुठे चाललास? सुईत दोरा कोण ओवणार?"

काय समजायचं माणसानं?

बाहेर आयझिरेकला सांगितलं. तिनं हातातला झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "उद्यापासून चहा तू ओतत जा." हा काय उपाय झाला?

१० ऑगस्ट

आज आवराआवर केली. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून. लाल शिंगांचं पोतं गेले तीन दिवस भवनात पायात येत होतं. आपा त्याबद्दल काहीतरी सांगत होती कापलं त्या दिवशी, पण तेवढ्यात बाहेर दोन घोड्यांची शर्यत लागली आणि मी खिडकीत गेलो. असो. लिनोलियम कापलं की उरलेलं कचऱ्यात, पण इतकी चांगली लोकर कचऱ्यात कशी टाकायची? वाटून टाकली. बुटात घालायला, खोगिराखाली घालायला, ज्याला जे हवं ते. भोकं पडलेला निळा नमदा मागच्या सरपणावर घातला. तोरू-सूचा एक ट्रकवाला इंजिनात पाणी घालायला थांबला होता, त्याची बैठक फाटलेली, त्यालाही एक शिंग दिलं. बिचाऱ्यानं चारदा आभार मानले.

सगळ्या गावानं मला चहाला बोलावलं. लोक चांगले आहेत इथले.

१४ ऑगस्ट

लिहायला हात होत नाही.

दुपारी पहिला शिरदाक जोडून झाला. सहा बायका गोल बसून कडेला गोफ शिवत होत्या. आपा म्हणाली, "उलार, आता ते पोतं आण. दुसरा जोडायला घेऊ."

"कुठलं पोतं?"

"लाल शिंगांचं. आणि निळा नमदा."

"म्हणजे ते उरलेलं?"

सहाच्या सहा सुया थांबल्या.

"उरलेलं?" आपा म्हणाली. "पोरा, शिरदाकात उरत काही नाही. दोन थर एकदम कशाला कापतो आपण? लालात निळी शिंगं बसली, तो एक. निळ्यात लाल शिंगं, तो दुसरा. एकाच सुरीनं दोघं जन्मतात. म्हणून तर जोडी."

मी पोतं वाटून टाकल्याचं सांगितलं. एका बाईनं "मेल्या!" म्हणून गोफाचा गुंडाच फेकून मारला. दुसरी म्हणाली, "आपा, आत्ताच्या आत्ता नवी लाल शिंगं कापू." पण लाल रंग जूनमधल्या एकाच कढईतला. पुन्हा लोकर रंगवायची, नमदा तुडवायचा, वाळवायचा तर महिना जातो. आणि पाहुण्यांच्या शिरदाकात दुसऱ्याच लालाची शिंगं बसवली तर ते बघताक्षणी ओळखतील की ही आमची जोडी नव्हे, नुसतं काहीतरी उरकलंय. आज तीन वर्षांनी बोलवायचं ते ह्यासाठी?

आपा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "किती जणांना वाटलीस?"

"चोवीस शिंगं... वीसेक घरं असतील."

"मग आठवायला बस."

१७ ऑगस्ट

तीन दिवसांत अकरा मिळाली. पोस्टातल्या बाईनं किटलीला टोपी शिवली होती, ती उसवून दिली, वर म्हणाली, "माझी किटली आता उघडी पडली, ध्यानात ठेव." चहाच्या टपरीवर बिलियर्डच्या टेबलाच्या पायाखालचं काढलं, तर टेबल तिरकं झालं आणि खेळ थांबला, त्यावरून मारामारी व्हायची वेळ आली. मेंढपाळ इसाबेकनं तळव्याच्या मापानं कापून बुटात घातलं होतं. ते कापलेलं आणि राहिलेले कपटे, सगळं घेऊन आपाकडे गेलो. मला वाटलं, गेलं हे शिंग. तिनं हुंगलं आणि हसली. "इसाबेकचा बूट. धू दोनदा. मग टाक्यांनी जोडू. शिवण दिसली तर दिसू दे."

ती प्रत्येक तुकडा असा हुंगून, अंगठा फिरवून घेते. हा घोड्याखालचा, हा धुराशी होता. बघतसुद्धा नाही, इतका सराव. निळा नमदा सरपणावरून काढला तेव्हा त्यात कोंबडी अंड्यावर बसली होती. तिलाही त्या वीसेक घरांतून कुठेतरी जागा बघून द्यावी लागली, पण ते लांबण लावत नाही.

२० ऑगस्ट

एकोणीस.

एक गोष्ट टिपून ठेवतो. ज्याच्या घरून तुकडा आणला तो माणूस दुसऱ्या दिवशी भवनात हजर होतो, आपलं शिंग कुठे बसलं ते बघायला. मग बायकांपैकी कुणीतरी म्हणते, "आलीच आहेस तर बस." सहा होत्या, आज सतरा सुया चालू होत्या. इसाबेकसुद्धा बसला, गोफ पिळायला. एक धागा उजवीकडे पिळलेला, एक डावीकडे, दोन्ही एकत्र. म्हणाला, "मेंढ्या मीच राखल्या, म्हणजे अर्धा शिरदाक माझाच." सगळ्या हसल्या.

माझ्याकडे बघून मात्र कुणी फारसं हसत नाही.

२२ ऑगस्ट

तेवीस मिळाली. चोविसावं ट्रकवाल्याकडे.

खरं लिहितो. आज सकाळी पिशवी भरली. ओशला हिशेब चुकला तेव्हा निघालो, अल्माटीला गाडी ठोकली तेव्हा निघालो, हीच माझी पद्धत. नारिनची बस अकराला. चौकात तंबूच्या शर्यतीचा सराव चालला होता, छताचं गोल चक्र वर धरून कुणी उभंच राहीना. ते चक्र म्हणजे आपल्या झेंड्यावर आहे तेच, सूर्याच्या पोटात. ओरडले, "ए उंट, उभा काय राहिलास, धर!" धरलं. मग एकेक काठी त्यात खोवत गेले. मधेच सोडलं असतं तर सगळं डोक्यावर आलं असतं. साठ काठ्या. बस गेली.

आयझिरेक तिथेच होती. पिशवीकडे बघून म्हणाली, "कुठे?"

"धुवायला न्यायचे होते कपडे."

"नदी मागे आहे," ती म्हणाली, आणि पिशवी स्वतः उचलून काकांच्या घरी ठेवून आली.

२४ ऑगस्ट

इसाबेकचा घोडा घेऊन खिंड ओलांडली. मांड्या सोलल्यात, उभ्यानं लिहितोय.

ट्रकवाल्याचं घर सापडलं. तो कुठे लांब गेलेला. दारात त्याची आई, नाव कालियचा, ताठ, पांढरा रुमाल बांधलेली. मी म्हटलं काश्का-बेलहून आलो, तर म्हणाली, "पाणी मागायला आलास की सांगायला?"

आत नेलं. पाळण्यात तिची नात, तेहतीस दिवसांची, आणि तिच्या खाली आमचं शिंग.

"मुलगा बैठकीवर घालून आला होता. मी बघितलं आणि ओळखलं, ही वळणं सायराकानची. आधी राग आला. म्हटलं, तीन वर्षांनी पाठवलं काय, तर एक शिंग! मग वाटलं, पाठवलं तरी. बाळाखाली घातलं."

आता मी काय करणार? सगळं सांगून टाकलं. लिनोलियम, पोतं, घोड्यांची शर्यत, सगळं. तोरू-सूला भेट द्यायचा शिरदाक, आणि तो मीच मोडला, तेही तोरू-सूच्याच माणसाला सांगायचं! तिनं पाळण्याला एक झोका दिला.

"म्हणजे न्यायला आलास," ती म्हणाली. "पण चाळीस दिवस भरल्याशिवाय बाळाखालचं काढत नाहीत, ठाऊक आहे ना? का मॉस्कोत विसरलास?"

"कधी भरतात?"

"एकतीसला. त्या दिवशी चाळीस चमचे पाणी घालून न्हाऊ घालू, चाळीस भाकऱ्या वाटू. मग ये."

"आपा, पण एकतीसलाच तर सण! तुमच्यासाठीच तो..."

"आमच्याकडेही सणच आहे मग. घर सोडून कोण येतंय?"

निघताना घोड्याशी आली. विचारलं, "सायराकानचे डोळे कसे आहेत?"

"तिखट," मी म्हणालो. "माझी एक चूक सुटत नाही."

ती घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग माझ्या पेल्यात अर्धा पेला कुमीस ओतला, प्यायलो की पुन्हा अर्धा. असं चार वेळा.

२६ ऑगस्ट

आज भवनात जोलदोश आके आले. चौकात म्हणायचं भाषण पाठ करत करतच आत आले, "प्रिय देशबांधवांनो, आपला वारसा..." आणि भोक बघून थांबले.

"हे काय? एकतीसला पाच दिवस राहिले! मी सांगतो, शहरातून छापून आणू. प्लॅस्टिकवर. हुबेहूब शिरदाक, पाऊस आला तरी भिजणार नाही. लांबून कुणाला कळतंय?"

"जोलदोश," आपा टाका घालता घालता म्हणाली, "लांबून तर तूही प्रमुख दिसतोस."

सगळं भवन हसलं. आकेही हसले, कल्पाक टोपी काढून टक्कल पुसलं. मग खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "आपा, मी पाणी सोडलं तेव्हा आपल्याच लोकांनी मला शिव्या घातल्या. तिकडून कुणीच आलं नाही तर पुढच्या वर्षी मी कुणाला बोलावू शकणार नाही. भोक पडलेली भेट देऊन कसं चालेल?"

"भोक तसंच ठेवायचं," आपा म्हणाली. "तेवीस शिंगं आणि एक जागा. ते शिंग कुठे आहे ते कालियचाला माहीत आहे. जागा बघितली की त्यांना कळेल, ती त्यांचीच आहे."

"आणि नाही आले तर?"

आपानं सुई माझ्यापुढे धरली. मला म्हणाली, "उलार, दोरा."

२९ ऑगस्ट

दुसरा शिरदाक झाला. निळ्यावर लाल शिंगं, खाली पांढऱ्या नमद्याचं अस्तर, आणि उजव्या कोपऱ्यात शिंगाच्या आकाराची पांढरी जागा. तिच्या कडेचा गोफ तेवढा मोकळा सोडलाय. इसाबेकच्या बुटाचं शिंग मधोमध आलं, शिवण दिसते. खरं तर तेच मला सगळ्यांत आवडतं.

दोन्ही शेजारी पसरले. आपा अनवाणी त्यांच्यावरून चालली, आधी ह्यावरून, मग त्यावरून, डोळे मिटून. मोकळ्या जागेवर तळवा टेकून थांबली.

"कसे दिसतात?" मला विचारलं.

"तूच बघ ना."

"तू सांग."

मग सांगितलं. लाल कसं आहे, निळं कसं, खिडकीतून ऊन कुठल्या शिंगावर पडलंय.  ती ऐकत होती. म्हणाली, "पुढच्या वर्षी यजमान तोरू-सू. त्यांच्याकडे कापणारं कुणी राहिलं नाही. तुझी सुरी लागेल."

मी म्हणालो, मी चार दिवसांसाठी आलोय.

"मग चौथ्या दिवशी जा," ती म्हणाली. "पण सुई आधी ओवून ठेव."

हिला दुसरं कुणी ओवून देणारं नाही, हा प्रश्नच आहे. आयझिरेक भवनात गुंतलेली, बाकीच्या बायका आपापल्या घरी. निदान हिवाळाभर कुणीतरी थांबायला हवं.

३१ ऑगस्ट, सकाळ

चौक भरलाय. मंचामागे लालवाला टांगला. निळा मंचापुढे जमिनीवर अंथरलाय, कारण देताना उचलून द्यायचा असतो. जोलदोश आके दोनदा म्हणाले, जागेवर फुलांची कुंडी ठेवू. आपा त्या कोपऱ्याशीच बसून राहिली, म्हणून ठेवता आली नाही. कोमुझवाली मुलं एकच धून सकाळपासून सातव्यांदा वाजवतायत. पाहुण्यांच्या रांगेत बारा खुर्च्या, बाराही रिकाम्या. आकेंनी खिंडीकडे बघायचं सोडून दिलंय, भाषणाच्या कागदाची सुरळी करून सोडतात, पुन्हा सुरळी करतात. दहाला सुरू करायचं होतं. आता साडेदहा होत आले.

मी सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसून हे लिहितोय, कारण तिकडे रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहवत नाही. त्या माझ्यामुळेच...

आयझिरेक धावत आली. रुमाल सुटलेला, एका पायात चप्पल.

"ऊठ! तोरू-सूची गाडी आलीय. कालव्यापाशी थांबलीय. मागे आणखी दोन आहेत."

"त्यांचे प्रमुख आले?"

"ते मागच्या गाडीत. पुढच्या गाडीतलं आधी उतरवायचंय, हळू, झोपलंय."

"कोण झोपलंय?"

"बाळ!" तिला धाप लागली होती, हसूही येत होतं. "कालियचा आपा म्हणते, खालचं काढता येत नाही, म्हणून वरच्यासकट आणलंय. चाळीस भाकऱ्या आहेत गाडीत. तिचा मुलगा आपल्या कालव्यातून घागर भरतोय, आणि ती विचारतेय, बाळाच्या न्हाणाचं घंगाळ कुठे ठेवायचं?"